बिभा चौधुरी यांच्या फोटोप्लेटा आणि कॅमेऱ्यातील आयएसओ

मघा ताऱ्याच्या दक्षिणेला सुमारे १६ अंशांवर, सेक्स्टन्स नावाच्या फिकट तारकासमूहात एक तारा आहे. त्याची दृश्यप्रत सुमारे ८.७. निरभ्र, काळोख्या रात्री नुसत्या डोळ्यांना सहाव्या प्रतीपर्यंतचे तारे दिसतात. हा तारा त्या मर्यादेपेक्षाही जवळजवळ १२ पटींनी मंद आहे. एचडी ८६०८१ या यादीतील क्रमांकाखेरीज त्याला निराळी ओळख नव्हती. आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने आपल्या शताब्दीनिमित्त प्रत्येक देशाला एकेका ताऱ्याचे व त्याच्या ग्रहाचे नामकरण करण्याची संधी दिली, तेव्हा हा तारा भारताच्या वाट्याला आला. २०१९ च्या डिसेंबरात त्याचे नाव जाहीर झाले: बिभा. बंगालीतील बिभा म्हणजे मराठीतील विभा, प्रकाश. त्याच्याभोवती जेमतेम दोन दिवसांत एक फेरी पूर्ण करणाऱ्या ग्रहाला ‘संतमस’ हे संस्कृत नाव मिळाले.

डोळ्यांना न दिसणारा हा तारा आज एखादा विद्यार्थी घरच्या डिजिटल कॅमेऱ्याने टिपू शकतो. तिपाईवर कॅमेरा, आयएसओ १६०० किंवा ३२००, पाच सेकंदांचे एक्स्पोजर, एवढे पुरते. ज्या बिभा चौधुरी यांच्या नावाने हा तारा ओळखला जातो, त्यांच्या हाती मात्र असे फिरवायचे बटण नव्हते. त्यांच्या संशोधनाची वाट जिथे अडली, तिथे अडसर होता तो प्लेटेच्या संवेदनशीलतेचाच. कॅमेऱ्यातील आयएसओ हा आकडा नेमके काय बदलतो आणि काय बदलू शकत नाही, हे समजून घ्यायला त्यांच्या प्लेटांइतके चांगले उदाहरण क्वचितच सापडेल.

बिभा चौधुरी यांचा जन्म १९१३ चा, कोलकात्याचा. १९३६ मध्ये कोलकाता विद्यापीठातून त्या भौतिकशास्त्रात एम.एस्सी. झाल्या, त्या वर्गातील त्या एकमेव स्त्री. पुढे त्यांनी देवेंद्रमोहन बोस यांच्या हाताखाली संशोधन सुरू केले. जगदीशचंद्र बोस यांच्या निधनानंतर बोस इन्स्टिट्यूटची धुरा देवेंद्रमोहन यांच्याकडे आली होती. जानेवारी १९३८ मध्ये कोलकात्यात भारतीय विज्ञान काँग्रेसचे रौप्यमहोत्सवी अधिवेशन भरले आणि त्यासाठी जर्मन भौतिकशास्त्रज्ञ वाल्टर बोथे आले होते. विश्वकिरणांच्या अभ्यासासाठी फोटोप्लेटा वापरून पाहाव्यात, या विचाराला तेथील चर्चेने बळ मिळाले.

विश्वकिरण म्हणजे अवकाशातून पृथ्वीवर येणारे विद्युतभारित कण आणि वातावरणावर आदळून त्यांनी निर्माण केलेले दुय्यम कण. त्यांचे मार्ग पाहण्यासाठी तेव्हा प्रामुख्याने क्लाउड चेंबर वापरत. ते उपकरण क्षणभर जागे होते आणि पुन्हा निजते. त्या क्षणी जो कण आतून गेला, तोच दिसतो. फोटोप्लेट मात्र महिनोन्महिने अखंड जागी राहते. तिला वीज लागत नाही, राखणदार लागत नाही. काळ्या कागदात गुंडाळून डोंगरमाथ्यावर ठेवली की झाले. व्हिएन्नामध्ये मारिएटा ब्लाऊ आणि हेर्टा वाम्बाखर यांनी ऑस्ट्रियातील एका शिखरावर अशाच प्लेटा ठेवून १९३७ मध्ये अणुगर्भ फुटल्याच्या चांदणीसारख्या खुणा प्रथम दाखवल्या होत्या. ब्लाऊ ज्यू असल्याने १९३८ मध्ये त्यांना देश सोडावा लागला. या तंत्राच्या इतिहासात दोन स्त्रियांची वाट राजकारणाने आणि युद्धाने अडवली, त्यांतील ही पहिली.

प्लेट संवेदनशील असते म्हणजे काय? काचेवर जिलेटिनचा पातळ थर आणि त्यात सिल्व्हर ब्रोमाइडचे अतिसूक्ष्म स्फटिक, ही तिची रचना. प्रकाश किंवा विद्युतभारित कण स्फटिकातून गेला की त्यात चांदीचे मोजके अणू सुटे होतात. असे काही अणू एका जागी साचले, तरच विकासक द्रावणात तो संपूर्ण स्फटिक काळ्या चांदीत बदलतो. त्याहून कमी साचले, तर काहीच होत नाही. धुताना तो स्फटिक विरघळून निघून जातो. म्हणजे प्रत्येक स्फटिकाला एक उंबरठा असतो. उंबरठा ओलांडला तर काळा ठिपका, नाही ओलांडला तर कोरी जागा. अधले-मधले काही नाही. स्फटिक मोठे केले की प्लेट अधिक संवेदनशील होते, पण चित्र भरड होते. या उंबरठ्यावर जिलेटिनचाही मोठा प्रभाव असतो, हे बराच काळ कोणाला उमगले नव्हते. एका जिलेटिनने प्लेटा तल्लख होत, दुसऱ्याने मंद. १९२० च्या दशकात कोडॅकच्या सॅम्युअल शेपर्ड यांनी शोधले की हा गुण गंधकाच्या अत्यल्प संयुगांमुळे येतो आणि ती संयुगे मोहरीच्या जातीच्या वनस्पती खाल्लेल्या जनावरांच्या कातड्यांतून जिलेटिनमध्ये उतरतात. छायाचित्रणाची गती काही अंशी गुरांच्या चाऱ्यावर अवलंबून होती, असे म्हणायला हरकत नाही.

बोस आणि चौधुरी यांच्याकडे होत्या इल्फर्ड कंपनीच्या हाफटोन प्लेटा. या प्लेटा मुळात छापखान्यासाठी चित्रांचे ठोकळे तयार करण्याच्या कामी येत. बारीक कणांच्या, पण मंद. दार्जिलिंग येथे सुमारे २,००० मीटरवर आणि संदकफू येथे सुमारे ३,६०० मीटरवर त्या ठेवण्यात आल्या. उंचीवर हवेचा थर पातळ, त्यामुळे विश्वकिरणांचा मारा अधिक. महिन्यांनंतर प्लेटा खाली आणायच्या, धुवायच्या आणि सूक्ष्मदर्शकाखाली इंच-इंच तपासायच्या. दिसायचे ते काळ्या ठिपक्यांचे तुटक माग, मिलिमीटरच्या अंशाएवढे. त्या ठिपक्यांची दाटी मोजायची आणि माग किती नागमोडी वळला, तेही मोजायचे. हलका कण वाटेतल्या अणूंच्या धक्क्यांनी अधिक वळतो, जड कण सरळ जातो. दाटीवरून कणाची ऊर्जा कशी खर्च झाली हे कळते, वळणांवरून तो किती हलका हे कळते आणि दोन्ही मिळून वस्तुमानाचा अंदाज येतो.

या मोजणीतून असे माग सापडले की जे प्रोटॉनचे असूच शकत नव्हते. त्यांचे सरासरी वस्तुमान इलेक्ट्रॉनच्या सुमारे २०० पट येत होते. १९४० ते १९४२ या काळात ‘नेचर’ या नियतकालिकात दोघांची टिपणे प्रसिद्ध झाली. हे कण तेव्हा मेसोट्रॉन या नावाने ओळखले जात, पुढे त्यांना मेसॉन म्हणू लागले.

येथवर आल्यावर गाडी अडली. मंद प्लेटेवर ठिपके विरळ उमटत आणि वेगाने जाणाऱ्या कणाचा तर एकही उमटत नसे. कण जितका वेगवान, तितका तो वाटेतल्या प्रत्येक स्फटिकाला कमी ऊर्जा देतो. उंबरठा ओलांडला जात नाही. म्हणून हाफटोन प्लेटेवर फक्त थकत आलेल्या, थांबण्याच्या बेतात असलेल्या कणांची शेवटची पावले दिसत. मागात ठिपके थोडे म्हणजे मोजणीतील अनिश्चितता मोठी. प्लेट आणखी सहा महिने डोंगरावर ठेवून हे सुधारत नव्हते. तसे केल्याने मागांची संख्या वाढते, पण जो कण उंबरठ्याखाली राहिला तो सहा महिन्यांनीही उंबरठ्याखालीच राहतो. शिवाय फार काळ ठेवलेल्या प्लेटेतील जुन्या, न धुतलेल्या खुणा हळूहळू पुसट होत जातात. सूक्ष्मदर्शकाचे भिंग अधिक शक्तिशाली लावूनही उपयोग नव्हता. नसलेला ठिपका मोठा करून दिसत नाही. हवी होती ती अधिक संवेदनशील प्लेट, आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ती भारतात मिळेना.

युद्ध संपता संपता इंग्लंडमध्ये नेमकी हीच गोष्ट घडली. ब्रिस्टल विद्यापीठात सेसिल पॉवेल यांच्या गटासाठी इल्फर्डने १९४६ च्या सुमारास नवे इमल्शन तयार केले. त्यात जिलेटिनच्या मानाने सिल्व्हर ब्रोमाइडचे प्रमाण अनेक पटींनी वाढवले होते. त्याच प्रकारच्या डोंगरमाथ्यांवर, म्हणजे फ्रान्समधील पिक दु मिदी आणि बोलिव्हियातील चाकाल्ताया येथे, ठेवलेल्या या प्लेटांवर माग ठसठशीत उमटले. १९४७ मध्ये ब्रिस्टलच्या गटाने दाखवले की मेसॉन दोन प्रकारचे आहेत. एक, इलेक्ट्रॉनच्या सुमारे २७३ पट वस्तुमानाचा, थांबतो. त्याच जागेहून दुसरा, सुमारे २०७ पट वस्तुमानाचा, निघतो आणि इमल्शनमध्ये दरवेळी सुमारे ६०० मायक्रॉन जाऊन थांबतो. पहिला पायॉन, दुसरा म्युऑन. म्युऑनच्या ऱ्हासातून निघणारा इलेक्ट्रॉन मात्र याही प्लेटेवर दिसत नव्हता. १९४८ मध्ये कोडॅकने आणि पाठोपाठ इल्फर्डने इलेक्ट्रॉनलाही संवेदनशील असे इमल्शन काढले, तेव्हा ती अखेरची साखळीही दिसू लागली. कण तेच, डोंगर तेच. प्रत्येक वेळी उंबरठा खाली आला आणि नवे काहीतरी दिसले. १९५० चे भौतिकशास्त्राचे नोबेल पॉवेल यांना मिळाले.

बिभा चौधुरी यांच्याविषयी लिहिताना ‘त्यांनी पायॉन आधीच शोधला होता आणि नोबेल हिरावले गेले’ असे विधान सर्रास केले जाते. ते विधान त्यांच्या कामाला न्याय देत नाही. २०० पट हा आकडा पायॉन आणि म्युऑन यांना वेगळे करण्याइतका काटेकोर नव्हता आणि त्या प्लेटांवर तो तसा होऊही शकत नव्हता. एक कण थांबतो व त्यातून दुसरा निघतो, हे दृश्य १९४७ मध्येच स्पष्ट झाले. बोस-चौधुरी यांचे श्रेय निराळे आहे आणि ते लहान नाही: इमल्शनमधील मागाच्या वळणांवरून कणाचे वस्तुमान काढण्याची वाट त्यांनी प्रथम चोखाळली. पॉवेल व सहकाऱ्यांनी १९५९ मध्ये या तंत्रावर लिहिलेल्या ग्रंथात या कामाची भौतिक बैठक बरोबर होती, हे नमूद केले आहे. पद्धत बरोबर, प्लेट अपुरी.

चौधुरी पुढे मँचेस्टरला पॅट्रिक ब्लॅकेट यांच्या प्रयोगशाळेत गेल्या आणि तेथे विश्वकिरणांच्या वर्षावांवर त्यांनी डॉक्टरेट केली. १९४९ मध्ये होमी भाभा यांच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, मुंबईत, त्या रुजू झाल्या. त्या संस्थेतील त्या पहिल्या स्त्री संशोधक. त्यानंतर अहमदाबादची भौतिकी संशोधन प्रयोगशाळा, कोलारच्या सोन्याच्या खाणीतील भूगर्भीय प्रयोग आणि शेवटी पुन्हा कोलकाता. १९९१ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांचे चरित्र प्रसिद्ध झाले ते २०१८ मध्ये.

आता कॅमेऱ्यातील आकड्याकडे. प्लेटेची संवेदनशीलता मोजण्याची पहिली शिस्तबद्ध पद्धत हर्टर आणि ड्रिफिल्ड यांनी १८९० मध्ये मांडली. त्यानंतर १८९४ मध्ये आपली मोजपट्टी देणारे युलिउस शाइनर हे पॉट्सडॅमचे खगोलशास्त्रज्ञ होते. वेगवेगळ्या प्लेटांवर घेतलेल्या ताऱ्यांच्या प्रतिमांची तुलना कशी करावी, हा त्यांचा प्रश्न होता. पुढे जर्मनीत डिन, अमेरिकेत एएसए अशी मानके आली आणि १९७४ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक संघटनेने, म्हणजेच आयएसओने, ती एकत्र केली. संघटनेचे नाव आकड्याला चिकटले ते कायमचेच. फिल्मच्या डब्यावरील आयएसओ ४०० हा त्या फिल्मचा अंगभूत गुण होता. रोल भरला की ३६ फोटो संपेपर्यंत तो बदलत नसे.

डिजिटल कॅमेऱ्यात हाच शब्द राहिला, पण त्यामागील वस्तू बदलली. येथे स्फटिकांच्या जागी सिलिकॉनचे पिक्सेल असतात. पिक्सेलवर पडलेला फोटॉन एक इलेक्ट्रॉन मोकळा करतो आणि तो साठवला जातो. प्लेटेसारखा उंबरठा येथे नाही. दोन फोटॉन आले तरी दोन इलेक्ट्रॉन जमा होऊ शकतात. फोटोप्लेट आपल्यावर पडलेल्या प्रकाशातील जेमतेम शेकडा एखादा अंश कारणी लावत असे. आजचा चांगला संवेदक अर्ध्याहून अधिक फोटॉन टिपतो. १९६९ मध्ये बेल प्रयोगशाळेत सीसीडीचा शोध लागल्यापासून खगोलशास्त्रातून प्लेटा मागे पडल्या, त्या याच कारणाने. लडाखमधील हान्ले येथे ४,५०० मीटर उंचीवर असलेली दोन मीटर व्यासाची हिमालयन चंद्र दुर्बीणही सीसीडीच वापरते. खरी संवेदनशीलता वाढली ती येथे, सिलिकॉनमध्ये. आणि ती कारखान्यातच ठरते. आयएसओचे बटण १०० वरून ३२०० वर नेल्याने एकही फोटॉन जास्त पकडला जात नाही.

मग ते बटण करते काय? पिक्सेलमध्ये जमलेल्या इलेक्ट्रॉनांपासून मिळणारा विद्युतदाब ते वाढवते आणि मग त्याचे आकड्यांत रूपांतर होते. समजा, एका पिक्सेलमध्ये ६०,००० इलेक्ट्रॉन मावतात आणि आयएसओ १०० वर ते भरले की चित्रात पूर्ण पांढरा रंग दिसतो. आयएसओ १६०० वर त्याच्या सोळाव्या हिश्श्याला, म्हणजे ३,७५० इलेक्ट्रॉनांनाच, पूर्ण पांढरा रंग मिळतो. त्यावरचे सारे तपशील कापले जातात. चित्र उजळते, पण ते बोस इन्स्टिट्यूटमधील सूक्ष्मदर्शकाचे भिंग बदलण्यासारखे आहे. प्लेट तीच राहते.

चित्रात जो रवाळपणा दिसतो, ज्याला छायाचित्रकार नॉइज म्हणतात, तो आयएसओमुळे येतो असा समज दृढ आहे. त्याचे मुख्य कारण वेगळे आहे. फोटॉन एकसारख्या अंतराने येत नाहीत, पावसाच्या थेंबांसारखे इतस्ततः पडतात. सरासरी १०,००० फोटॉन येणार असतील तर त्यांत साधारण १०० चा चढउतार होतो, म्हणजे एक टक्का. सरासरी १०० येणार असतील तर १० चा, म्हणजे दहा टक्के. उंच आयएसओ आपण कमी प्रकाशातच वापरतो. दोष प्रकाशाच्या टंचाईचा असतो आणि नाव बटणाचे होते.

तरीही हे बटण निरुपयोगी नाही. पिक्सेलमधून विद्युतदाब वाचताना व त्याचे आकडे करताना कॅमेऱ्याची मंडलेही थोडा नॉइज मिसळतात. हा नॉइज मिसळण्याआधी मूळ संकेत वाढवला तर तो त्याखाली दबत नाही. म्हणून अंधारात आयएसओ १०० वर फोटो काढून नंतर संगणकावर उजळण्यापेक्षा कॅमेऱ्यातच आयएसओ ८०० किंवा १६०० ठेवणे पुष्कळ कॅमेऱ्यांत फायद्याचे ठरते. एका मर्यादेनंतर हा फायदा संपतो आणि उरते ते फक्त उजळ भागांचे नुकसान. ती मर्यादा प्रत्येक कॅमेऱ्याची वेगळी. डिजिटल कॅमेऱ्यांसाठीचे आयएसओ १२२३२ हे मानक १९९८ मध्ये आले, पण त्यात आकडा ठरवण्याच्या एकाहून अधिक रीती आहेत. म्हणून दोन कंपन्यांचे ‘४००’ तंतोतंत सारखे असतीलच असे नाही.

यातून वापराचा क्रम आपोआप ठरतो. आधी शटर: समोरचा विषय हलत असेल तर तो गोठवण्याइतके जलद, नसेल तर परवडेल तितके संथ. मग भिंगाचे छिद्र: हवी तेवढी खोली राखून शक्य तितके मोठे. या दोहोंनी जेवढा प्रकाश आत येतो तेवढीच खरी शिदोरी. सर्वांत शेवटी आयएसओ, चित्र योग्य उजळ दिसण्यापुरता. १०० वरून २०० म्हणजे एक पायरी. शटरचा वेळ दुप्पट करणे हीसुद्धा एकच पायरी, पण त्या पायरीत दुप्पट फोटॉन येतात. स्वयंचलित आयएसओ वापरणाऱ्यांनी त्याची वरची मर्यादा आपण होऊन ठरवावी. कॅमेऱ्यावर सोपवली तर तो शटर जलद ठेवण्यासाठी आकडा बिनदिक्कत चढवतो. मोबाइलमधील ‘नाइट मोड’ एकामागून एक अनेक फोटो घेऊन ते एकमेकांवर रचतो, म्हणजे खरोखरच अधिक प्रकाश गोळा करतो. म्हणून त्याचा परिणाम नुसत्या आयएसओपेक्षा सरस दिसतो.

बिभा तारा टिपायचा असेल तर मार्च-एप्रिलमधील चंद्र नसलेली रात्र निवडावी. नऊ-दहाच्या सुमारास मघा बरीच वर आलेली असते. पन्नास मिलिमीटरचे भिंग, छिद्र एफ १.८, शटर पाच सेकंद; याहून अधिक ठेवले तर पृथ्वीच्या फिरण्यामुळे ठिपक्याची रेघ होऊ लागते. रॉ फाइल घ्यावी. एकदा आयएसओ ८०० वर, एकदा ३२०० वर. ढोबळ हिशेबाने या पाच सेकंदांत भिंगावर त्या ताऱ्याचे सुमारे १०,००० फोटॉन पडतात आणि त्यांतून काही हजार इलेक्ट्रॉन मोजक्या पिक्सेलांत जमा होतात, दोन्ही वेळा तितकेच. ८०० ची फाइल संगणकावर दोन पायऱ्यांनी उजळून शेजारी ठेवली, तर बऱ्याच नव्या कॅमेऱ्यांत मघेच्या दक्षिणेचा तो ठिपका दोन्हींत जवळपास सारखाच दिसतो. ३२०० च्या फाइलमध्ये मघा मात्र अधिक धुऊन पांढरीफटक झालेली असते. आणखी काही हवे असेल, तर असे वीस फोटो घेऊन ते एकावर एक रचावेत. मग हिशेब शंभर सेकंदांच्या प्रकाशाचा होतो आणि बिभाहूनही मंद तारे वर येऊ लागतात.